मात्रेच्या अलीकडे, मात्रेच्या पलीकडे: सूर नेमका कुठे ठेवायचा

मात्रा म्हणजे लयीचा एक ठोका, आणि मेट्रोनोम म्हणजे तो ठोका ठरल्या लयीत ‘क्लिक’ करून देणारं यंत्र. सूर त्या क्लिकसोबत पडला तर तो मात्रेवर, किंचित आधी पडला तर पुढे, किंचित नंतर पडला तर मागे. एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. घोळ होतो तो यानंतर. ‘जरा मागे वाजव’ असं सांगितलं की बहुतेक जण हात सैल सोडतात आणि चार आवर्तनांत लयच उतरते. मागे वाजवणारा पहिल्या मात्रेला 25 मिलिसेकंद उशिरा असतो आणि शंभराव्या मात्रेलाही 25 मिलिसेकंदच. लय उतरवणारा पहिल्या मात्रेला 5 मिलिसेकंद मागे असतो, दहाव्या मात्रेला 50, आणि मग सम (आवर्तनाची पहिली मात्रा) शोधत बसतो. अंतर ठरवलेलं असावं आणि ते टिकावं. खालचा सगळा रियाज याच एका गोष्टीसाठी आहे.

आधी आकडे

लयीचा आकडा म्हणजे मिनिटाला किती मात्रा. 60,000 ला त्या आकड्याने भागलं की एका मात्रेचे मिलिसेकंद मिळतात: 60 च्या लयीत 1000, 90 ला 667, 120 ला 500, 180 ला 333. हा भागाकार हाताशी असावा, कारण तेच अंतर लयीप्रमाणे वेगळं ऐकू येतं. 60 च्या लयीत 30 मिलिसेकंद म्हणजे मात्रेचे जेमतेम 3 टक्के. 180 ला तेच 9 टक्के होतात, आणि तिथे पाव मात्राच 83 मिलिसेकंदांची असल्यामुळे तिचा एक तृतीयांशाहून अधिक भाग त्यात जातो. संथ गाण्यात ऐटदार वाटणारा उशीर जलद गाण्यात निव्वळ चूक वाटतो तो यामुळे.

दोन टोकदार आवाजांपैकी आधी कुठला वाजला हे कानाला ओळखता यायला साधारण 20 मिलिसेकंदांचं अंतर लागतं. त्याहून कमी अंतर असलं तर दोन्ही मिळून एकच जाडसर आवाज ऐकू येतो. 30 च्या पुढे ‘ट्टक्’ असा दुहेरी ठोका स्पष्ट व्हायला लागतो. मध्यलयीत सुरुवात 20 ते 30 मिलिसेकंदांनी करावी. 10 मिलिसेकंदांचा फरक एकट्याने वाजवताना कळत नाही; वादकांच्या घट्ट बसलेल्या संचात मात्र तो अंगाला जाणवतो.

सूर सुरू होतो कधी?

मात्रेच्या संदर्भात सूर ‘ठेवायचा’ तर त्याचा कुठला क्षण धरायचा हे आधी ठरलं पाहिजे. टाळी, तबल्याची चाट, ड्रमची काठी यांत प्रश्नच नाही: आवाज उठतो आणि लगेच शिगेला पोचतो. गजाने वाजणारं वाद्य, बासरी, हार्मोनियमचा हलक्या भात्याने काढलेला स्वर, सिंथेसायझरचे मऊ पॅड यांचा आवाज हळूहळू चढतो, आणि कान त्याचा ‘ठोका’ प्रत्यक्ष सुरुवातीच्या नंतर कुठेतरी धरतो. त्यामुळे व्हायोलिनवादकाने क्लिकच्या क्षणी गज हलवायला सुरुवात केली तर तो मागे ऐकू येणार, त्याच्या मनात तसं असो वा नसो. मात्रेवर ऐकू यायचं असेल तर गज आधी सुटायला हवा. किती आधी, ते वाद्याप्रमाणे, पट्टीप्रमाणे आणि गजावरच्या दाबाप्रमाणे बदलतं. ते रेकॉर्ड करून कानानेच ठरवावं लागतं.

बास गिटारची गंमत आणखी वेगळी. सर्वांत खालच्या तारेची कंपनसंख्या साधारण 41 हर्ट्झ, म्हणजे एकच कंपन पूर्ण व्हायला 24 मिलिसेकंद लागतात. बोटाचा किंवा पिकचा ‘टक्’ ऐकू येत नसेल तर काटेकोर मात्रेवर वाजवलेला बासही ओढल्यासारखा वाटतो. अशा वेळी वादकाला पुढे सरकायला सांगण्याआधी ध्वनिमुद्रणात वरच्या पट्टीतला तो बोटाचा आवाज जरा उचलून पाहावा. निम्म्या वेळा तेवढ्यानेच काम होतं.

गळ्याच्या बाबतीत नियम सोपा आहे, पण पाळला जात नाही: मात्रेवर स्वर येतो, व्यंजन तिच्या आधी उरकतं. ‘सांज’ हा शब्द मात्रेवर हवा असेल तर ‘स’ची फुसकार मात्रेच्या आधी सुटली पाहिजे आणि ‘आ’ मात्रेवर उघडला पाहिजे. ‘स’, ‘श’ ला सहज 100 मिलिसेकंद लागतात. ‘प’, ‘त’, ‘क’ आखूड. ‘ख’, ‘थ’, ‘फ’ हे महाप्राण श्वासामुळे त्यांच्याहून लांब. ‘स्त्र’, ‘प्र’ अशी जोडाक्षरं आणखी लांबवणारी. क्लिकवर ‘स’ सुरू करणारा गायक प्रत्येक ‘स’च्या शब्दाला मागे आणि प्रत्येक ‘त’च्या शब्दाला बरोबर वाटतो, आणि ऐकणारा म्हणतो, ‘याची लय कच्ची आहे’. लय कच्ची नसते, उच्चार वेळेआधी सुटत नसतो. उपाय: गाण्याची ओळ आधी फक्त स्वरांवर म्हणायची (आ-अ, ए-ई), स्वर मात्रेवर बसले की व्यंजनं त्यांच्या आधी चिकटवायची.

साधनांचा उशीर आधी वेगळा काढा

मोजायला बसण्यापूर्वी एक काम. ब्लूटूथ हेडफोन बाजूला ठेवा. त्यांचा उशीर अनेकदा 100 ते 200 मिलिसेकंद असतो आणि त्यावर 20 मिलिसेकंदांचा रियाज करणं व्यर्थ आहे. तारेचे हेडफोन घ्या. संगणकावर आपलाच आवाज सॉफ्टवेअरमधून ऐकत असाल तर बफरचा (संगणक आवाज ज्या तुकड्यांत हाताळतो त्या तुकड्याचा) आकडा पाहा: 44.1 किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला 44,100 नमुने घेताना, 256 नमुने (सॅम्पल) म्हणजे 5.8 मिलिसेकंद, आणि तेही आत येताना एकदा, बाहेर जाताना एकदा. आपलाच सूर असा 12 मिलिसेकंद उशिरा ऐकू आला की हात नकळत तेवढा आधी पडायला लागतो. शक्य असेल तिथे इंटरफेसवरचं (मायक्रोफोन संगणकाला जोडणाऱ्या पेटीवरचं) थेट मॉनिटरिंग वापरा, म्हणजे आपला आवाज सॉफ्टवेअरमधून न फिरता ऐकू येतो.

मग हेडफोनची एक वाटी मायक्रोफोनला लावून क्लिक परत रेकॉर्ड करा. मूळ क्लिक आणि रेकॉर्ड झालेला क्लिक यांत जो फरक दिसेल तो पुढच्या प्रत्येक मोजणीतून वजा करायचा. सॉफ्टवेअर हा उशीर आपोआप भरून काढतं खरं, पण काही मिलिसेकंद इकडेतिकडे राहून जातात.

स्टेजवर अंतरही मोजलं पाहिजे. आवाजाला एक मीटर कापायला साधारण 3 मिलिसेकंद लागतात. ड्रमपासून 8 मीटर दूर उभा असलेला वादक ऐकून वाजवत असेल तर तो सुमारे 24 मिलिसेकंद मागेच आहे, आणि त्याचा आवाज ड्रमवादकाकडे परत जाईपर्यंत फरक दुप्पट होतो. मॉनिटर (वादकाकडे तोंड केलेला स्पीकर) जवळ ठेवणं हा इथला इलाज.

मात्रेवर बसता येतं का, ते आधी पाहा

लय 70 लावा. मात्रेला एक सूर, आखूड आणि टोकदार: दाबलेल्या तारेचा ठोका, टाळी, हवं तर नुसता ‘ता’. दोन मिनिटं. क्लिक ऐकू येईनासा होईल असं वाजवायचं. टोकदार आवाज नेमका त्याच्यावर बसला की तो झाकला जातो. रेकॉर्ड करा आणि मधल्या सलग 32 सुरांचं क्लिकपासूनचं अंतर कागदावर लिहा. आधी पडलेल्याला वजा चिन्ह, नंतर पडलेल्याला अधिक.

दोन आकडे काढायचे. एक सरासरी, दुसरा पसारा, म्हणजे सर्वांत पुढचा आणि सर्वांत मागचा सूर यांच्यातलं अंतर (एखादा अगदीच चुकलेला सोडून द्यावा). सरासरी बहुधा वजा येते. क्लिकसोबत बोट आपटताना माणसं साधारणपणे क्लिकच्या आधीच आपटतात. न शिकलेल्यांत हे अंतर 20 ते 50 मिलिसेकंदांपर्यंत असतं, शिकलेल्यांत कमी. कारण कुणीही क्लिक ऐकून मग हात उचलत नाही, पुढच्या क्लिकचा अंदाज बांधून हात टाकतो.

याचा व्यवहारातला परिणाम मोठा आहे. ज्याला आपण मात्रेवर आहोत असं वाटतं तो प्रत्यक्षात 20 मिलिसेकंद पुढे असतो. त्याला 20 मागे यायला सांगितलं की तो जेमतेम क्लिकवर येतो, आणि तेवढ्यानेच त्याला आपण लोळतोय असं वाटतं. म्हणून ‘मला मागे वाटतंय’ यावर विश्वास ठेवू नये. कागदावरचा आकडा पाहावा.

पसारा त्याहून महत्त्वाचा. सरासरी +22 आणि सूर +14 ते +30 च्या पट्ट्यात असतील तर ती जागा आहे. सरासरी तीच +22, पण सूर −15 पासून +60 पर्यंत विखुरलेले असतील तर ती डगमग आहे, आणि ऐकणाऱ्याला तशीच ऐकू येते. जेवढं मागे-पुढे जायचं असेल तेवढ्याच्या आत पसारा आल्याशिवाय पुढच्या रियाजाला हात घालू नये. पसारा कमी करायचा मार्ग जुनाच: क्लिक निम्मा करा. लय 70 चीच, पण मेट्रोनोम 35 ला, म्हणजे क्लिक एक सोडून एक मात्रेला. मग तो क्लिक दुसऱ्या-चौथ्या मात्रेला आहे असं मानून वाजवा. शेवटी क्लिक अर्ध्या मात्रेवर, दोन मात्रांच्या बरोबर मध्ये. मधल्या रिकाम्या जागा मनात पाव मात्रांनी भरलेल्या असल्या तरच हे जमतं.

मागे जाणं

दोन क्लिकचा रियाज सर्वांत उपयोगी. संगणकावर क्लिकचे दोन ट्रॅक करा. पहिला डाव्या कानात, कोरडा लाकडी आवाज, हा खरा. दुसरा उजव्या कानात, वेगळ्या पट्टीत, 30 मिलिसेकंद उशिरा. लय 80. चार आवर्तनं दोन्ही क्लिक चालू ठेवून उजव्यासोबत वाजवा. पुढची चार आवर्तनं उजवा बंद. आता डावा क्लिक आणि तुमचा सूर यांच्यात तसाच बारीक ‘ट्टक्’ ऐकू आला पाहिजे. अंतर मिटायला लागलं तर तुम्ही मात्रेकडे ओढले जाताय. वाढायला लागलं तर लय उतरतेय. उजवा परत चालू केला की फरक लगेच कळतो. 30 जमलं की 20 करा, मग 40, आणि मग तीच अंतरं 60 आणि 110 च्या लयीत. 110 ला 40 जड वाटेल. वाटलंच पाहिजे.

या रियाजात पाय कुठे पडतो यावर सगळं अवलंबून आहे. पाय (गायकाच्या बाबतीत ताल देणारा हात) खऱ्या क्लिकवर राहायला हवा आणि सूर त्याच्या मागे. पाय सुराबरोबर मागे सरकला की शरीराने तीच नवी मात्रा मानलेली असते. पुढचा सूर तिच्याही मागे पडतो, मग पाय पुन्हा सरकतो. ‘मागे वाजवताना लय उतरते’ या तक्रारीचं कारण नव्वद टक्के वेळा पायात सापडतं. जमत नसेल तर सूर सोडून द्या, पाय क्लिकवर ठेवून नुसती टाळी मागे द्या, आणि ते बसल्यावर वाद्य हातात घ्या.

सुराचा शेवटही पाहा. 30 मिलिसेकंद उशिरा सुरू केलेला सूर जुन्याच जागी संपवला तर तो तेवढा आखूड होतो आणि ओळ तुटक लागते. निवांत, मागे टेकलेला भाव हवा असेल तर शेवटही तेवढाच मागे न्यायचा, स्वर पुढच्या सुरापर्यंत धरायचा. उलट बासच्या ओळीत सुरुवात मागे आणि शेवट स्नेअरच्या (ड्रमसेटमधल्या खरखरत्या आवाजाच्या छोट्या ड्रमच्या) ठोक्यावर काटेकोर कापलेला, हे जोडपं फार छान लागतं. मऊ आघात कानाला आणखी मागे वाटतो, त्यामुळे हलक्या हाताने वाजवणाऱ्याला कमी मिलिसेकंद पुरतात.

मागे जाण्याचे प्रकारही दोन आहेत. एकात अख्खी ओळ, मात्रेवरचे आणि अर्ध्या मात्रेवरचे सगळे सूर, सारख्याच अंतराने सरकते. दुसऱ्यात मात्रेवरचे सूर मागे येतात पण मधले, अर्ध्या मात्रेचे, साथीशी जुळूनच पडतात. जाझमधल्या एकलवादकांच्या ध्वनिमुद्रणांची मोजणी करून अँडर्स फ्रीबर्ग आणि आंद्रेआस सुंडस्ट्रॉम या स्वीडिश संशोधकांनी 2002 मध्ये हा दुसरा प्रकारच मांडला: मात्रेवर एकलवादक ड्रमच्या झांजेच्या मागे, मधल्या सुरांवर दोघे एकत्र. वादक इतका मागे राहूनही संच फाटत नाही, कारण प्रत्येक मात्रेत एकदा गाठ पडतेच. हे साधायला मेट्रोनोमचा क्लिक अर्ध्या मात्रेवर लावा, तिथले सूर त्याच्याशी घट्ट जुळवा आणि मात्रेवरचे सूर थोडे ओढा.

पुढे जाणं

हे जास्त कठीण आहे, आणि गरजही कमी वेळा पडते. पुढे वाजवणाऱ्याची लय वाढते, कारण आपला पुढे पडलेला सूर ऐकून पुढची मात्रा त्यावरूनच मोजली जाते. अंतर लहान ठेवा, 10 ते 15 मिलिसेकंद. सूर आखूड आणि आघात टोकदार ठेवा. जोर वाढवू नका. जोर वाढला की हात घाईला येतो. परीक्षा अशी: आठ आवर्तनं क्लिकसह वाजवा, मग आठ आवर्तनं क्लिक पूर्ण बंद, मग पुन्हा चालू. परत आलेला क्लिक तुमच्या सुराच्या मागे, सुरुवातीइतक्याच अंतरावर सापडला तर बरोबर. अर्धी मात्रा मागे सापडला तर तुम्ही पळालात.

काही ठिकाणी एखादीच मात्रा पुढे असते. व्हिएन्नाच्या वॉल्ट्झमध्ये तीनपैकी दुसरी मात्रा आधी पडते आणि तिसरी आपल्या जागी येते; तिन्ही सारख्या वाजवल्या की नाचणाऱ्यांचं पाऊल अडतं. इथे सरासरी काढून उपयोग नाही, प्रत्येक मात्रेचा हिशेब वेगळा लिहावा.

मधले सूर: झोका किती

मात्रा जागेवर ठेवून फक्त जोडीतला दुसरा सूर मागे ढकलला की स्विंगचा झोका मिळतो. ड्रम मशीनवर तो टक्क्यांत लिहितात: 50 म्हणजे दोन्ही सारखे, 66 च्या जवळ म्हणजे दोनास एक, 75 म्हणजे तिनास एक. 90 च्या लयीत दोन पाव मात्रांची जोडी 333 मिलिसेकंदांची. 50 ला दुसरा सूर 167 व्या मिलिसेकंदाला पडतो, 54 ला 180, 58 ला 193, 62 ला 207. नाचऱ्या गाण्यांना 54 ते 58 एवढं पुष्कळ होतं. 66 लावलं की सगळं उड्या मारत चालल्यासारखं होतं, आणि नवशिक्याचा हात नेमका तिथेच जातो.

लय वाढली की झोका कमी करायचा. फ्रीबर्ग-सुंडस्ट्रॉम यांच्याच मोजणीत मध्य ते जलद लयीत ड्रमवादकांचा आखूड सूर 100 मिलिसेकंदांच्या आसपास थांबलेला दिसतो. 240 च्या लयीत मात्रा 250 मिलिसेकंदांची; आखूड सूर 100 चा धरला तर लांब सूर 150 चा, म्हणजे दीडास एक. तिथे दोनास एकचा हट्ट धरणारा अवघडलेला वाटतो आणि थोड्याच वेळात दमतोही.

संचात कुणी कुठे

मागे किंवा पुढे कुणाच्या, हे आधी ठरवा. एकाने तरी जागा सोडायची नाही: बहुधा हाय-हॅट (पायाने मिटणारी झांजांची जोडी) किंवा राइड झांज (काठीने सतत ठेका धरणारी मोठी झांज), तबला-ढोलकी असेल तर ठेका. ड्रमवर एकाच माणसाच्या हातापायांतही वाटणी करता येते. हाय-हॅट आणि किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) मात्रेवर, स्नेअर 10 ते 20 मिलिसेकंद मागे. गाणं जड, रुंद वाटायला लागतं. सगळेच मागे टेकले की टेकायला काही उरत नाही आणि लय उतरते.

गायक मागे गातो तेव्हा साथीदाराने थांबायचं नाही. सर्वांत जास्त संच इथेच बिघडतात. साथीदार सहानुभूतीने अर्धं पाऊल मागे येतो, गायकाला आपण मात्रेवर आलो असं वाटतं, तो आणखी मागे जातो. जाझगायिका बिली हॉलिडे ओळी इतक्या मागे नेऊ शकत होती, कारण मागचा वाद्यवृंद सरळ चालत राहायचा. संगतकाराने गायकाच्या तोंडाकडे न पाहता झांजेकडे किंवा स्वतःच्या पायाकडे लक्ष ठेवावं.

ख्यालातले अतीत आणि अनागत यांची यात गल्लत करू नये. सम उलटून गेल्यावर पोचणं किंवा समेच्या आधीच पोचणं हे ऐकणाऱ्याला कळावं म्हणूनच केलेलं असतं, आणि त्यातलं अंतर मात्रेच्या ठळक भागाचं असतं. विलंबित (अगदी संथ) लयीत मात्र वरचा सगळा हिशेब लागू पडतो, फक्त मोजण्याचं माप बदलायचं. एक मात्रा कित्येक सेकंदांची असली तर पुढच्या मात्रेचा अंदाज नीट बांधता येत नाही. म्हणून मात्रेचे चार भाग मनात चालू ठेवून, ठेक्यातल्या भरीच्या बोलांना धरून, जवळच्या पाव मात्रेच्या मागे-पुढे सूर ठेवायचा.

संगणकावर

क्वांटाइझ (सॉफ्टवेअरने सूर मात्रेच्या रेषेकडे सरकवणं) 100 टक्के केलं की सूर रेषेवर येतात आणि जे होतं ते जातं. 50 ते 70 टक्के केलं तर पसारा कमी होतो आणि थोडी जागाही उरते. पण सरासरी +25 असलेल्या ओळीला 60 टक्के क्वांटाइझ लावलं की ती +10 वर येते. हवं तेवढं अंतर नंतर ट्रॅक डिलेने (अख्खा ट्रॅक उशिरा वाजवण्याच्या सोयीने) परत द्यावं लागतं. ‘ह्युमनाइझ’च्या बटणाने सूर यदृच्छेने विखुरतात, म्हणजे फक्त पसारा वाढतो. त्यापासून लांब राहिलेलं बरं.

टिकमध्ये (सॉफ्टवेअर मात्रेचे जे बारीक भाग पाडतं त्यांत) काम करत असाल तर मात्रेला 480 टिक धरून 120 च्या लयीत एक टिक जवळपास एक मिलिसेकंद, 90 ला सुमारे 1.4. लय बदलली की टिकमध्ये दिलेलं अंतर मिलिसेकंदांत बदलतं, ट्रॅक डिले मिलिसेकंदांत दिलेला असेल तर बदलत नाही. गाण्यात मध्येच लय बदलत असेल तर दोन्हींपैकी काय हवं ते आधीच ठरवा.

स्नेअर मागे न्यायचा तर एका वेळी 5 मिलिसेकंद सरकवून, डोळे स्क्रीनवरून काढून ऐका. गाणं जिथे ढिलं पडतं तिथून एक पाऊल परत. खऱ्या ड्रमचं ध्वनिमुद्रण असेल तर फक्त स्नेअरचा ट्रॅक हलवून चालत नाही, कारण तोच ठोका वरच्या मायक्रोफोनांत आणि हाय-हॅटच्या मायक्रोफोनातही शिरलेला असतो. जवळचा ट्रॅक 15 मिलिसेकंद मागे आणि वरचे जागेवर राहिले की प्रत्येक ठोका दुहेरी आणि पातळ होतो. तिथे सगळे मायक्रोफोन मिळून तो ठोका कापून सरकवावा लागतो, नाहीतर ड्रमवादकाकडून पुन्हा वाजवून घेणं सोपं पडतं.